कॅम्पर गाडीची कूलंटची टाकी पुन्हा गळतेय, हेड गॅस्केट की अजून काही? (नाशिक)

गंगापूररोड_कॅम्पर

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही. आमची जुनी १३ सीटर डिझेल मिनीबस आहे, सीटा काढून तिची कॅम्पर करून घेतलीय, मागे बेड, छोटा ओटा, सिंक आणि मागच्या दाराशी अंघोळीसाठी शॉवरचा नळ. मी आणि मिस्टर दोघंही चालवतो, सासूबाई आणि आमचा कुत्रा कायम सोबत. भंडारदरा, हतगड, सापुतारा, कधी कसारा उतरून कोकणात, असं आमचं फिरणं.

प्रॉब्लेम असा की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं पाणी, कमी होतं. गाडीखाली थेंब म्हणून दिसत नाही. आधीची टाकी, म्हणजे ती पांढऱ्या प्लास्टिकची बाटली, मधल्या जोडावर फुटली. दोन भाग जिथे चिकटवलेले असतात तिथे बारीक भेग आणि गुलाबी-पांढरट खार जमलेला. एका गॅरेजमध्ये एपॉक्सी लावून दिली, ती कसाऱ्याच्या घाटातच सुटली. मग नवीन टाकी बसवली. आता तिच्यापण त्याच जोडावर ओल यायला लागलीय. एक जण म्हणाला टाकी लोकल आहे, कंपनीची घ्या. दुसऱ्याने सांगितलं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधली सील, गेलंय, हेड उचलावं लागेल. त्या खर्चाचा आकडा ऐकल्यापासून मिस्टर गाडी विकायचं बोलतायत आणि मला ते अजिबात नकोय, सासूबाईंना तर या गाडीशिवाय बाहेर पडता येत नाही, गुडघ्यांमुळे.

बाकी लक्षणं सांगते. सपाटीला टेंपरेचरचा काटा मध्यावर असतो, घाट चढताना वर जातो, इगतपुरी आलं की परत खाली. ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. आणि एक विचित्र गोष्ट, लेव्हल दरवेळी कमीच होते असं नाही, मुक्कामाहून सकाळी निघताना बघितलं तर कधी कधी मॅक्सच्या वर असते! कूलंटचा रंगपण हल्ली फिका दिसतो. हे कुणालाच पटत नाही, गॅरेजवाले म्हणतात तुम्हीच जास्त भरलं असेल.

कुणाला असा अनुभव आहे का? आणि नाशकात प्रेशर लावून नीट चेक करून देणारं कुणी असेल तर कुठल्या भागात बघू?

घाटवाटा

टाकी बदलली तेव्हा झाकण बदललं का? बरेच जण टाकी नवी घेतात आणि झाकण जुनंच लावतात, किंवा लोकल टाकीबरोबर जे झाकण येतं तेच ठेवतात. झाकणावर दाबाचा आकडा लिहिलेला असतो, १.० किंवा १.१ किंवा १०० केपीए असं काहीतरी, तो तुमच्या गाडीच्या मूळ झाकणाशी जुळला पाहिजे. जास्त दाबाचं झाकण बसलं की सगळा ताण टाकीच्या जोडावर. माझ्या गाडीलापण घाटात काटा चढायचा, ते नुसतं झाकण बदलून थांबलं. आधी ते करा, सगळ्यात स्वस्त काम तेच आहे.

आडगाव_डिझेल

ताई, हेड उचलायची घाई अजिबात करू नका. मी ट्रक टर्मिनलजवळ डिझेल गाड्यांचंच काम करतो, आणि नुसत्या अंदाजावर उचललेली हेडं बघून जीव तुटतो, कारण गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि प्रॉब्लेम तिथेच राहतो.

आधी टाकीचं काम समजून घ्या. जुन्या गाड्यांमध्ये बाटली नुसती जादाचं पाणी साठवायला असायची, तिच्यात दाब नसायचा, दाब रेडिएटरच्या झाकणापर्यंतच. तुमच्या गाडीत रेडिएटरला झाकण नसेल आणि टाकीलाच जाड आट्यांचं झाकण असेल तर टाकी सिस्टिमचाच भाग आहे, म्हणजे तिच्यात साधारण १ बार दाब राहतो. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास उंच आहे, इथे साधं पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं. त्यावर १ बार दाब दिला की तेच पाणी १२० च्या घरात उकळतं, आणि निम्मं कूलंट असेल तर त्याच्याही वर. झाकण म्हणजे कुकरची शिट्टी समजा, दाब धरायचंपण आणि जास्त झाला की सोडायचंपण. आता तुमच्या टाकीच्या जोडातून ओल येतेय म्हणजे दाब धरलाच जात नाही, म्हणून घाटात काटा चढतो. तेवढ्यावरून हेड गेलं असं म्हणता येत नाही.

हेडची शंका काढायला तीन गोष्टी करा, तिन्ही हेड न उचलता होतात. एक, सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचा वरचा जाड पाइप दाबून बघा. रात्रभर उभी राहूनही पाइप टणक असेल तर दाब कुठून तरी येतोय किंवा झाकण अडकलंय. पाइप चपटा पडला असेल तर झाकणाचा आत हवा घेणारा वॉल्व्ह बंद आहे. दोन, थंड गाडी चालू करा आणि लगेच, इंजिन कोमट व्हायच्या आत, तोच पाइप परत दाबा. मिनिटाभरात दगडासारखा झाला तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय, मग हेड गॅस्केटची शंका खरी. तीन, टाकीच्या तोंडावर काचेची नळी लावून निळ्या पाण्याची टेस्ट करतात, गॅस असेल तर निळं पाणी हिरवं किंवा पिवळं पडतं. ही टेस्ट हेड उचलण्याच्या खर्चाच्या मानाने काहीच नाही, आणि ती न करता जो हेड उचला म्हणतो त्याच्याकडे गाडी सोडू नका.

नंतर प्रेशर पंप लावायचा. गाडी थंड, झाकणाच्या जागी पंप, झाकणावर जेवढा आकडा तेवढाच दाब द्यायचा आणि १०-१५ मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन शोधायचं: वॉटर बॉडीच्या (कूलंट फिरवणारा पंप) खालचं बारीक भोक, रेडिएटरचा प्लास्टिकचा भाग आणि ॲल्युमिनियम जिथे दाबून बसवलेत तो जोड, थर्मोस्टॅटचं (गरम झालं की कूलंटला वाट देणारा वॉल्व्ह) घर, ब्लॉकचे वॉटर प्लग, ईजीआर कूलर (इंजिनचा धूर थंड करणारा), हीटरचे पाइप. कूलंट गरम भागावर पडलं की पाणी उडून जातं आणि मागे खार राहतो, म्हणून तुम्हाला खाली थेंब दिसत नसणार.

आणि गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. घाटात गाडी लावून लगेच झाकण फिरवणारे लोक दर उन्हाळ्यात भाजतात.

पण ताई, मला तुमची ती लेव्हल वाढायची गोष्ट सोडवत नाहीये. इंजिन थंड झालं की कूलंट आकसतं, म्हणजे सकाळी लेव्हल खालीच दिसली पाहिजे. थंड गाडीत मॅक्सच्या वर गेली आणि रंग फिका झाला, म्हणजे बाहेरून पाणी आत येतंय. तुम्ही भरलं नाही म्हणता, आणि माझा तुमच्यावर विश्वास आहे. मग सांगा, मागच्या शॉवरला गरम पाणी कशावर होतं?

सातपूर_टर्नर

प्लास्टिकच्या टाकीवर पैसे घालवत बसू नका, ॲल्युमिनियमची करून घ्या. सातपूर, अंबडला आर्गन वेल्डिंगवाले भरपूर आहेत, जुनी टाकी नमुना म्हणून द्या, ३ एमएमच्या पत्र्यात मस्त होते. पुन्हा फुटायचं नाव नाही.

आडगाव_डिझेल

सातपूर दादा, वेल्डिंगच्या मजबुतीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण झाकण बसतं त्या तोंडाचं अचूक मशिनिंग करावं लागतं, नाहीतर झाकण बसतच नाही. आतली हवेची जागा मूळ टाकीइतकी ठेवावी लागते, आणि बाहेरून लेव्हल दिसायला काचेची नळी हवी. हवेची जागा का, तर कूलंट थंडपासून गरम होईपर्यंत चार-पाच टक्के फुगतं, १० लिटरची सिस्टिम असेल तर जवळपास अर्धा लिटर. ते जायला जागा नसली तर पहिल्याच चढाला झाकणातून बाहेर येणार.

आणि खरं सांगू का, आत्ता या गाडीला कितीही मजबूत टाकी बसवली तरी दाब दुसरीकडून वाट काढेल, रेडिएटर फोडेल नाहीतर हीटर. आधी दाब कुठून येतोय ते सापडू द्या.

गंगापूररोड_कॅम्पर

काका, गरम पाणी इंजिनवरच होतं. ज्यांच्याकडून गाडी करून घेतली त्यांनी बेडखाली स्टीलचा एक छोटा चौकोनी ठोकळा बसवलाय, त्याला चार तोंडं आहेत, दोन पाइप इंजिनकडून येतात आणि दोन पाण्याच्या टाकीकडून. चालत्या गाडीत कूलंट त्यातून फिरतं आणि मुक्कामाला पोचलो की लगेच शॉवरला गरम पाणी. थंडीत फार सोय होते.

वरचा पाइप सकाळी दाबून बघितला, मऊ आहे. गाडी चालू केल्यावरपण बराच वेळ मऊच होता, गाडी गरम झाल्यावर टणक झाला.

देवळालीकर

ताई, एक विचारतो. रात्री सगळे नळ बंद असताना तुमचा १२ व्होल्टचा पाण्याचा पंप मध्येच आपोआप चालू होतो का? एक-दोन सेकंद घर्र करून परत बंद?

गंगापूररोड_कॅम्पर

हो!! रात्रीतून मधूनमधून होतं. सासूबाईंची झोप मोडते म्हणून आम्ही रात्री पंपाचं बटण बंद करायला लागलो, पण कधी राहून जातं. शॉवरचा नळ बारीक गळत असेल असं समजून वॉशर बदलला, तरी होतंच. तुम्हाला कसं कळलं?

देवळालीकर

तो ठोकळा म्हणजे प्लेट हीट एक्सचेंजर. आत पातळ स्टीलच्या प्लेटा असतात, एका प्लेटेच्या या बाजूला कूलंट आणि त्या बाजूला तुमचं अंघोळीचं पाणी, मध्ये तेवढीच प्लेट. प्लेटेला भोक पडलं किंवा जोडाला चीर गेली की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

आता दाबाचं गणित बघा. कॅम्परमधले १२ व्होल्टचे डायफ्राम पंप साधारण अडीच-तीन बारला बंद होतात. कूलंटच्या बाजूला गरम असतानासुद्धा १ बार, आणि थंड असताना जवळपास काहीच नाही. म्हणजे मुक्कामात पंपाचं बटण चालू राहिलं की पाणी त्या चिरेतून कूलंटमध्ये घुसतं. पाण्याच्या लाइनचा दाब उतरतो, म्हणून पंप रात्री मधूनमधून चालू होतो. सकाळी टाकी मॅक्सच्या वर, कूलंट फिकं. मग तुम्ही निघता, कूलंट फुगायला जागा नाही, जादाचं झाकणातून उडून जातं, आणि झाकण खाराने अडकलेलं असेल तर ते सगळं टाकीच्या जोडावर येतं. पुढच्या मुक्कामापर्यंत लेव्हल खाली. तुमची सगळी लक्षणं याच्यात बसतात, हेडची गरजच पडत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कृपा करून आजपासून पाळा. पंप बंद असताना आणि इंजिन गरम असताना दाब उलटा होतो, तेव्हा कूलंट तुमच्या पाण्यात येतं. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे, किडनीवर जातं. चवीला गोड असतं त्यामुळे जिभेला कळतही नाही. त्या गरम नळाचं पाणी चहाला, भांड्यांना, तोंड धुवायला अजिबात वापरू नका. सासूबाई आणि कुत्रा दोघंही गाडीत असतात म्हणून जोर देऊन सांगतोय. कुत्र्याला तर थोडंसं कूलंटसुद्धा जीवघेणं ठरतं, टाकीखाली सांडलेलं चाटलं असा संशय जरी आला तरी उद्यापर्यंत वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

गंगापूररोड_कॅम्पर

वाचून हातपाय गार पडले. प्यायचं पाणी आमचं जारचं असतं, पण भांडी त्याच नळाखाली धुतो. आजच तो नळ बंद केला. आता हे खरंच आहे का ते कसं तपासू? गाडी परत कुणाकडे नेली तर परत हेडच सांगतील.

आडगाव_डिझेल

देवळालीकर साहेब, मानलं तुम्हाला. मला पाणी बाहेरून येतंय एवढं कळलं होतं, पंपाचं डोक्यात आलं नव्हतं.

ताई, तपासणी घरच्या घरी होते. गाडी पूर्ण थंड करा, सकाळची वेळ बरी. टाकीचं झाकण हळू काढा. बेडखाली त्या ठोकळ्याचे कूलंटचे दोन पाइप कुठले ते ओळखा, इंजिनकडून येणारे, ते बहुतेक काळे जाड रबराचे असतील. दोघांना ठोकळ्याच्या जवळ पाइप दाबायची पक्कड लावा, म्हणजे कूलंट सांडणार नाही. क्लिपा सोडा, पाइप काढा, खाली पसरट भांडं ठेवा. आता ठोकळ्याची कूलंटची दोन्ही तोंडं उघडी आहेत आणि पाण्याचे पाइप जोडलेलेच आहेत. पंप चालू करा, सगळे नळ बंद, आणि नुसतं बघत बसा. त्या उघड्या तोंडातून पाणी ठिबकलं तर ठोकळा फुटलाय, प्रश्न मिटला. कोरडं राहिलं तर अर्धा तास तरी थांबा, बारीक चीर असेल तर वेळ लागतो.

काही निघालं किंवा नाही निघालं तरी त्या दोन पाइपांना पितळी जॉइंटरने एकमेकांना जोडून टाका, दोन्ही बाजूला चांगल्या क्लिपा. मागची लाइन अशी बाजूला निघाली की गाडी बिनधास्त चालवता येते. पाइप चाकाच्या वरून जाताना कुठे घासतोय का तेपण त्याच वेळी बघून घ्या, तिथे पाइप उंच जाऊन खाली आला असेल तर त्या उंचवट्यात हवा अडकते, कॅम्पर केलेल्या गाड्यांमध्ये हा प्रकार फार असतो.

गंगापूररोड_कॅम्पर

रविवारी सकाळी मी आणि मिस्टरांनी बसून केलं. पंप चालू केल्यावर थोड्याच वेळात खालच्या तोंडातून पाण्याची धार नाही पण सलग थेंब सुरू झाले, टप टप टप. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. ठोकळा काढून बाजूला ठेवला, पाइप जोडून टाकले. मनापासून आभार सगळ्यांचे, मिस्टरांनी गाडी विकायचा विषय बंद केलाय.

मुंबई नाक्याजवळ एकांकडून निळ्या पाण्याची टेस्टपण करून घेतली, रंग निळाच राहिला. झाकण उलटं करून बघितलं तर आतल्या रबरावर पांढरा दगडासारखा खार बसलाय, स्प्रिंग बोटाने दाबली तर हलत नाही.

आता टाकी बदलायची आहे. मिस्टर म्हणतात आपणच करू. काय काय लक्षात ठेवायचं?

आडगाव_डिझेल

जरूर करा, अवघड काही नाही, फक्त घाई नको.

टाकी घेताना जुनी टाकी आणि गाडीचा चेसिस नंबर घेऊन जा. एकाच मॉडेलमध्येसुद्धा वर्षाप्रमाणे तोंडांची जाडी आणि दिशा बदलते. झाकण नवंच, आणि आकडा मूळ झाकणाचाच. टाकीला लेव्हलचा सेन्सर असेल तर त्याची ओरिंग नवी घ्या. जुनी एपॉक्सी लावलेली टाकी स्पेअर म्हणून ठेवू नका. हे प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं, त्याला एपॉक्सी धरतच नाही, वरून सुकलेली दिसते आणि गरम झालं की पापुद्रा निघतो.

टाकीला साधारण दोन पाइप असतात. वरचा बारीक पाइप रेडिएटर किंवा हेडकडून हवा आणि थोडं कूलंट टाकीत आणतो, खालचा जाड पाइप वॉटर बॉडीच्या ओढीच्या बाजूला जातो. हे उलटसुलट झाले तर हवा कधीच निघणार नाही. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वरचा बारीक पाइप काढल्यावर त्याच्यातून आणि टाकीच्या तोंडातून तार फिरवून बघा, खाराने बुजलेला असतो बऱ्याचदा, आणि तो बुजलेला असला की नवी टाकी असूनही गाडी गरम होते.

तुमच्या सिस्टिममध्ये अंघोळीच्या टाकीचं पाणी शिरलेलं आहे त्यामुळे नुसती कूलंटची टाकी बदलून चालणार नाही, सगळं कूलंट काढा. रेडिएटरच्या खालचा नळ उघडा, ब्लॉकलापण ड्रेनचा बोल्ट असतो. साध्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने भरून, हीटर फुल गरमवर ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गाडी चालवा, थंड होऊ द्या, काढा, आणि निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत परत करा. प्लास्टिकच्या तोंडावर क्लिप आवळताना मनगटाचा जोर लावू नका, तोंड तुटलं तर टाकी परत नवी.

भरताना गाडी थोड्या चढावर, नाक वर करून उभी करा. हीटर फुल. कुठे एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा, सलग धार आली की बंद. हळूहळू भरा, मधूनमधून वरचा पाइप हाताने दाबा, बुडबुडे येतील. मग गाडी चालू करा, साधारण ८५ डिग्रीच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो, तेव्हा लेव्हल एकदम खाली जाईल, भर घाला. झाकण लावा, पंखा सुरू होईपर्यंत चालवा, हीटरमधून गरम हवा आली पाहिजे. थंड हवा येत असेल तर अजून एअर आहे. पूर्ण थंड झाल्यावर लेव्हल मिन आणि मॅक्सच्या मध्ये ठेवा, मॅक्सच्या वर नाही.

लगेच कसाऱ्याला नेऊ नका. आधी गावात फिरवा, मग त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन या, दरवेळी थंड झाल्यावर लेव्हल बघा. पहिले काही दिवस थोडी उतरते, अडकलेली हवा निघते म्हणून. नंतर स्थिर झाली पाहिजे.

आणि रेडिएटरची जाळी धुऊन घ्या. निफाड-लासलगाव रोडला फिरत असाल तर कांद्याची साल आणि धूळ मध्ये इतकी बसते की पलीकडचं दिसत नाही. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं, दाब कमी ठेवून, नाहीतर पाती वाकतात.

देवळालीकर

कूलंटबद्दल माझं सांगतो, मी केमिकलवाला आहे. रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा, हे कंपन्यांनी आपापले ठरवलेले रंग आहेत, त्याला नियम नाही. गाडीच्या पुस्तकात कुठला प्रकार लिहिलाय ते बघा, आणि डब्यावर आयएस ५७५९ (कूलंटचं भारतीय मानक) लिहिलंय का तेपण बघा. दोन वेगळे प्रकार एकत्र केले तर गंजरोधक लवकर संपतात, कधी गाळपण धरतो.

काही लोक म्हणतात नाशकात बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, नुसतं पाणी घाला. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडीत पारा एक आकडी येतो तरी गाडीतलं पाणी गोठण्याची वेळ आपल्याकडे येत नाही हे खरं. पण कूलंट आपल्याला गंज आणि उकळण्यासाठी लागतं. ॲल्युमिनियमचं हेड, रेडिएटर, लोखंडी ब्लॉक सगळं एकाच पाण्यात बुडालेलं असतं, गंजरोधक नसेल तर आतून खात जातं. तुमच्या झाकणावरचा तो पांढरा दगड बघा, तो बोअरच्या नाहीतर नळाच्या पाण्यातला क्षार आहे. म्हणून कॉन्सन्ट्रेट घेतलंत तर बॅटरीच्या दुकानातलं डीएम पाणी घालून निम्मं-निम्मं करा, किंवा तयार मिसळलेलं घ्या, त्यात परत पाणी घालू नका. जास्त कूलंट म्हणजे जास्त चांगलं असंही नाही, ७० टक्क्यांच्या पुढे गेलं तर उष्णता नीट वाहून नेत नाही.

भरून झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे कूलंटचं प्रमाण मोजायच्या यंत्राने, एकदा बघा, कूलंटचा एक थेंब लागतो. प्रमाण किती ते लिहून ठेवा. पुढे परत कधी बाहेरचं पाणी शिरलं तर आकडा उतरलेला लगेच कळेल.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका, आपल्याकडची गटारं नासर्डीत आणि तिथून गोदावरीत जातात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात विष लिहा, आणि जे गॅरेज जुनं ऑइल परवानाधारकाला देतं त्यांना विचारून तिथे द्या. कॅन घरी मुलांच्या, कुत्र्याच्या हाती लागेल असा ठेवू नका.

घाटवाटा

घाटात काटा चढलाच तर काय करायचं तेपण लिहितो, ताई आणि दादा दोघं चालवतात म्हणून. एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर जोरात. आत भट्टी होते पण इंजिनची उष्णता तिथून निघते. खालचा गिअर, एक्सलेटर हलका. काटा लालच्या अलीकडे असेल तर रुंद जागा बघून उभी करा आणि इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ तसंच चालू ठेवा. लालमध्ये गेला किंवा वाफ दिसली तर मात्र लगेच बंद. थंड पाणी गरम इंजिनात ओतायचं नाही, हेडला चीर जाते, मग खरंच हेडचं काम निघेल.

गंगापूररोड_कॅम्पर

टाकी, झाकण, कूलंट सगळं झालं. कंपनीची टाकी मागवून घेतली, झाकण १.१ चं. वरचा बारीक पाइप खरंच अर्धा बुजलेला निघाला काका, तारेने साफ केला. त्र्यंबकला जाऊन आलो, मग वणीमार्गे नांदुरीचा घाट चढून गडावर सासूबाईंना दर्शनाला नेलं, काटा मध्यावरून हलला नाही. लेव्हल स्थिर आहे, जोड कोरडा आहे. आणि रात्री पंप वाजत नाही.

पाण्याच्या टाकीचं काय करू? आतून धुतली तर वापरता येईल का? आणि गरम पाण्याची सोय परत करायची तर त्याच प्रकारचा ठोकळा घ्यायचा का?

देवळालीकर

ठोकळ्यानंतरचे सगळे पाइप, शॉवरचा नळ आणि सिंकचा गरम नळ बदलाच, स्वस्त आहेत, रिस्क नको. टाकीकडे उलटं पाणी गेलं का ते पंपावर अवलंबून आहे, बऱ्याच पंपांत उलटं जाऊ न देणारा वॉल्व्ह असतो पण त्यावर भरवसा ठेवू नका. टाकी भरपूर पाण्याने बऱ्याच वेळा धुवा, ग्लायकॉल पाण्यात पूर्ण विरघळतं त्यामुळे निघून जातं. तरी ती टाकी फक्त अंघोळ आणि हात धुण्यासाठी ठेवा, स्वयंपाकाचं आणि भांड्यांचं पाणी वेगळं.

गरम पाण्यासाठी मी परत एक पदरी प्लेटेचा ठोकळा बसवणार नाही. दोन पदरी प्लेटेचा मिळतो, त्यात चीर गेली तर गळती बाहेर दिसते, आत मिसळत नाही. तो बसवलात तर बेडखाली असा ठेवा की फळी उचलली की दिसेल, आणि कूलंटच्या दोन्ही पाइपांना बॉल वॉल्व्ह लावा म्हणजे गरज नसेल तेव्हा मागची लाइन बंद ठेवता येते. गाडी चार्जिंगच्या सोयीच्या ठिकाणी लावत असाल तर छोटा इलेक्ट्रिक गिझर सगळ्यात सोपा.

आडगाव_डिझेल

मी सांगेन इलेक्ट्रिकच घ्या, इंजिनच्या लाइनला हात लावूच नका. आणि ते जे पितळी जॉइंटरने पाइप जोडलेत ना ताई, ते कायमचं ठेवायचं असेल तर मागची ती लांब लाइन इंजिनजवळूनच बंद करून घ्या. बेडखालपर्यंत रबराचे पाइप उगाच गरम कूलंट घेऊन फिरतात, ते जुने झाले की तिथेच पुढची गळती सुरू होईल. काम तासाभराचं आहे. गाडी थंड करून आणा, टर्मिनलच्या मागच्या गेटने या, पुढे ट्रकची गर्दी असते.